डायलिसिस सुरू होणार असेल, तर मशीनच्या आधी कागद लावा

मी सातारा जिल्ह्यात भुईंजजवळच्या एका गावात राहते. पतसंस्थेत रोखपाल आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या २०१९ मध्ये पूर्ण बंद पडल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन दिवस ठरलेले: सकाळची एसटी, साताऱ्यात चार तास मशीन, आणि परत घर. ते आत असतात तेव्हा मी रजा टाकून किंवा सुट्टी जुळवून युनिटबाहेरच्या बाकावर असते. तिथे बसून मी एक गोष्ट पाहिली. डॉक्टर तेच, मशीन तेच, आजारही तोच, पण एक पेशंट सहा-सहा वर्षं हिंडून फिरून असतो, रानात जातो, आणि दुसरा सहा महिन्यांत तीनदा आयसीयूत जातो. प्रत्येक वेळी कारण एकच नसतं. पण पुष्कळदा दुसऱ्याचे पैसे मध्येच संपलेले असतात आणि तीनाचे दोन डायलिसिस झालेले असतात.

म्हणून मी नव्या माणसांना सांगते की विमा, योजना, रेशनकार्ड ह्या गोष्टी औषधोपचाराच्या बाहेरच्या समजू नका. डॉक्टरांनी "आता डायलिसिस लागेल" म्हटलं की ज्या दिवशी रक्त तपासायला देता, त्याच दिवशी कागद शोधायला लागा. आम्ही तसं केलं नाही. त्याची किंमत ह्यांच्या शरीराने दिली.

आधी एका पानावर हिशेब

हे शिरवळच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते. बीपी जुनं, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये क्रिएटिनिन ६.८ आलं (रक्तातला हा आकडा जितका वाढतो, तितकं किडनीचं काम कमी झालेलं असतं). मार्च २०१९ मध्ये एका रात्री धाप लागली, झोपताच येईना, साताऱ्याला नेलं तर क्रिएटिनिन अकराच्या पुढे. मानेत नळी घालून रातोरात डायलिसिस केलं. खिडकीवर विचारलं, "विमा कितीचा आहे?" दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणारी मी, मला माझ्या नवऱ्याच्या विम्याची रक्कम सांगता आली नाही.

ती तीन लाख होती. कंपनीची पॉलिसी एप्रिल ते मार्च. मार्चचं ९४,००० चं बिल जुन्या वर्षात बसलं आणि १ एप्रिलला नवे तीन लाख आले, म्हणून आम्हाला वाटलं की वर्ष निघेल. हिशेब मी जूनमध्ये केला. तो पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. तुम्ही तो असा करा. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस. आमच्याकडे तेव्हा एका डायलिसिसचे १,८०० रुपये, म्हणजे २,८०,८००. रक्तवाढीचं इंजेक्शन, लोह, फॉस्फरसच्या गोळ्या, दर महिन्याच्या तपासण्या वेगळ्या. डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात (तो काय ते पुढे सांगते), त्याची शस्त्रक्रिया वेगळी. वर्षातून एखादं अॅडमिशन धराच. प्रवास, सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज, हेही लिहा. मग तुमच्याकडच्या विम्याच्या रकमेतून एकेक वजा करत जा आणि ती कोणत्या महिन्यात शून्य होते ते पाहा. तो महिना कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. त्याच्या तीन महिने आधी पुढची सोय तयार पाहिजे, कारण सरकारी कागदांना तेवढा वेळ लागतो.

नळी, फिस्टुला आणि गेलेले एकोणतीस डायलिसिस

हा भाग पैशाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण आमच्या विम्याला सगळ्यात मोठं भोक इथे पडलं.

डायलिसिससाठी रक्त बाहेर काढायला वाट लागते. मानेतली नळी ही घाईची वाट. ती थेट मोठ्या रक्तवाहिनीत असते, त्यामुळे जंतूंना आत शिरायला सोपं. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची. त्या शिरेला फुगून जाड व्हायला निदान सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. म्हणजे डायलिसिस लागायच्या कितीतरी आधी फिस्टुला करून ठेवायला हवा. आम्हाला डिसेंबर २०१८ मध्येच डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. आम्ही मात्र तीन महिने कुणीतरी सुचवलेला काढा पीत बसलो, कारण फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस पक्कं, असं मनाने घेतलं होतं.

फिस्टुला शेवटी जूनमध्ये झाला. खर्च ३८,०००. तो पिकेपर्यंत नळीच चालू. जुलैअखेर नळीत जंतुसंसर्ग होऊन थंडीताप भरला, सहा दिवस अॅडमिट, बिल ५२,०००. हे विम्यातूनच गेले, आमच्या खिशातून नाही, म्हणून घरच्यांना हायसं वाटलं. मी वहीत भागाकार केला. ५२,००० भागिले १,८००. त्या एका तापाने जवळजवळ एकोणतीस डायलिसिस खाल्ले. तीन लाखांतून ३८ आणि ५२ हजार वजा जाता राहिले २,१०,०००, म्हणजे ११६ डायलिसिस. ते डिसेंबरअखेर बरोबर संपले.

तर ज्यांना अजून डायलिसिस लागलेलं नाही, पण किडनीचं काम पंधरा टक्क्यांच्या आसपास आलंय, त्यांनी नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, स्वतःहून विचारावं, "फिस्टुला केव्हा करायचा?" आणि रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावं, "फिस्टुलाची शस्त्रक्रिया योजनेत बसेल का?" ज्या हातावर तो करायचा, बहुतेकदा डावा, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, नंतर बीपीचा पट्टाही त्या हाताला नको. हिपॅटायटिस बीची लसही लवकर सुरू करा. डायलिसिसच्या पेशंटला तिचा डोस दुप्पट असतो आणि चार वेळा घ्यावी लागते, सहा महिने लागतात.

नोकरीचा विमा असेल तर

कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत बहुतेक वेळा जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. ही मोठी गोष्ट आहे. पण एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. कार्डावर काहीच कळत नाही. प्रत हातात आली की चार गोष्टी शोधा. डायलिसिस हे डे-केअरच्या, म्हणजे चोवीस तास दाखल न होताही पैसे मिळतात अशा उपचारांच्या, यादीत आहे का. एका आजाराला किंवा एका डायलिसिसला वेगळी मर्यादा आहे का. रक्कम संपली की पुन्हा भरली जाते असं लिहिलं असेल, तर ती त्याच आजाराला चालते का. पुष्कळ पॉलिसींत चालत नाही. आणि प्रत्यारोपण झालं तर किडनी देणाऱ्याच्या अॅडमिशनचा खर्च आत आहे का.

पहिल्या मुद्द्यावर आमचं भांडण झालं. एप्रिलमधल्या सात डायलिसिसचे पैसे आम्ही रोख भरले होते, ते परत मागितले तर "रुग्ण २४ तास दाखल नव्हता" म्हणून दावा फेटाळला. डायलिसिसला चोवीस तास कोण राहतं? पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर डे-केअरची यादी होती, त्यात डायलिसिस छापलेलं होतं. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळीखाली रेघ मारली, सातही दिवसांचे डायलिसिस चार्ट जोडले आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. दोन महिन्यांनी पैसे जमा झाले. म्हणून सांगते, नकार आला की फोनवर रडू नका, लेखी कारण मागा, आणि उत्तर पॉलिसीच्याच ओळीने द्या. कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

कॅशलेस असेल, म्हणजे बिल विमा कंपनी थेट रुग्णालयाला देत असेल, तर आता नियम आणखी कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. काउंटरवर "अजून वरून आलं नाही" असं ऐकलं की शांतपणे वेळ लिहून घ्यायची आणि ह्या नियमाचं नाव घ्यायचं.

आणि नोकरी सुटणार असं दिसलं, तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ह्यांना जानेवारी २०२० मध्ये घरी बसवलं. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कंपनी तो मंजूर करेलच असं नाही, पण अर्ज केला असता तर निदान दार वाजवलं असं झालं असतं.

नवीन पॉलिसी काढू पाहणाऱ्यांना एक स्पष्ट सांगते. एकदा किडनी निकामी झाली की बाजारात जाऊन त्यासाठी चांगली पॉलिसी मिळणं फार अवघड. २०१९ च्या नियमांनी तर कंपन्यांना किडनीचा जुनाट आजार कायमचा वगळून पॉलिसी द्यायची मुभा दिली होती. म्हणजे पॉलिसी हातात असेल, हप्ता जाईल आणि डायलिसिसला रुपया मिळणार नाही. सही करण्याआधी "कायमस्वरूपी वगळलेले" हे शब्द शोधा. पण घरातल्या धडधाकट माणसांचं, बीपी किंवा साखर असलेल्या भावाबहिणींचं मात्र आत्ताच करा. जुन्या आजाराचे पैसे मिळण्याआधीची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे, आधी चार होती. फॉर्मवर बीपी, साखर, क्रिएटिनिन जसं आहे तसं लिहा. एजंट म्हणतो "नका लिहू, हप्ता वाढेल". तो डायलिसिसच्या वेळी तुमच्या शेजारी बाकावर नसतो. गंभीर आजारांची जी एकरकमी पॉलिसी असते तिच्यात नियमित डायलिसिस लागणारी किडनी निकामी होणं हा आजार बसतो. ती हातात रोख देते. किडनी बऱ्या असतानाच काढली तर तिचा उपयोग.

जानेवारी ते मार्च २०२०

हे तीन महिने मी सगळ्यांना सांगते, कारण सगळा मुद्दा त्यांतच आहे. विमा संपला, नोकरी गेली. माझा पगार सात हजार. आमचं रेशनकार्ड पांढरं. तेव्हा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आमच्या जिल्ह्यात पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, मग कार्ड बदलण्यासाठी माझे नऊ हेलपाटे झाले. तोवर पाटल्या मोडून आम्ही आठवड्याला दोनच डायलिसिस करत होतो. ह्यांनी स्वतःच ठरवलं, "दोन पुरतात मला."

पुरत नव्हते. मधल्या दिवसांत पाणी साठायचं, पायावर बोट दाबलं की खळी राहायची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे छातीत पाणी भरलं, ओठ काळे पडले. शेजारच्याच्या गाडीने नेलं. तीन दिवस आयसीयू, ६१,००० रुपये. वाचवलेले आठवड्याचे अठराशे रुपये एका पहाटेत कितीतरी पट होऊन गेले, आणि ह्यांचं हृदय तेव्हापासून थोडं कमजोर आहे. आठवड्यातली मोठी फट, म्हणजे सलग दोन दिवस डायलिसिस नसतं ती, सगळ्यात धोक्याची असते. त्या फटीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि अॅडमिशन जास्त होतात, हे परदेशातल्या मोठ्या अभ्यासांतही दिसलेलं आहे. आम्ही ती फट पैशासाठी चार दिवसांची केली होती.

केशरी कार्ड मार्चमध्ये हातात पडलं. त्यानंतर आजपर्यंत ह्यांचं एकही डायलिसिस पैशासाठी चुकलेलं नाही.

योजनेत कसं शिरायचं

आता वाट तेव्हापेक्षा सोपी आहे. १ जुलै २०२४ पासून फुले योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आधी फुले योजनेत दीड लाख होतं. पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आता दार उघडं आहे. योजनेत जुना आजार म्हणून नाकारणं नाही, प्रतीक्षा नाही. फोन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानसाठी १४५५५. फोनवर एकच प्रश्न विचारा: माझ्या जिल्ह्यात डायलिसिससाठी कोणती रुग्णालयं योजनेत आहेत? रुग्णालय योजनेत असणं वेगळं आणि त्यातला डायलिसिस विभाग योजनेत असणं वेगळं.

रुग्णालयात गेलात की आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा, बिलाची खिडकी नंतर. रेशनकार्ड, आधार, नेफ्रॉलॉजिस्टचं पत्र, क्रिएटिनिनचे रिपोर्ट, सोनोग्राफी, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी चे रिपोर्ट लागतात. इथे माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती नावावर. रेशनकार्डावर दत्तू, आधारवर दत्तात्रय. बाईचं एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं. कितीतरी जण ह्या एका कारणाने परत गेलेले मी पाहिले. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे आज रात्रीच दोन्ही कार्डं शेजारी ठेवून तपासा. घरातल्या सगळ्यांची तपासा. किडनी द्यायची वेळ आली तर देणाऱ्याचंही नाव नीट लागतं.

मंजुरी एकदा मिळाली म्हणजे कायमची नाही. ती काही डायलिसिसपुरती असते, संपली की नव्याने घ्यायची. तारीख मी ह्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिते आणि आठवडाभर आधी कागद देते. शनिवारी मंजुरी संपली आणि सोमवारी ऑनलाइन बंद असलं, तर मंगळवारचं मशीन रिकामं फिरतं. दुसरं, पाच लाख हे पूर्ण कुटुंबाचे आहेत. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आधी आरोग्यमित्रांना विचारलं, वर्षाचे किती उरलेत. घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल, तर त्यांचं आयुष्मान वयवंदना कार्ड वेगळं काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्न न पाहता मिळतं आणि त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या उपचाराचा भार डायलिसिसच्या रकमेवर पडत नाही.

आरोग्यमित्राला हेही विचारा, आणि उत्तर लिहून घ्या: आठवड्याला तीन मिळतील की दोन? रक्तवाढीचं इंजेक्शन पॅकेजमध्ये आहे की बाहेरून आणायचं? रात्री-अपरात्री धाप लागली तर इथेच घेतील का? योजनेतल्या उपचारासाठी कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच टोल-फ्री नंबरवर तक्रार करा. आम्हाला एका ठिकाणी "अनामत" म्हणून पाच हजार मागितले होते. पावती मागितल्यावर मागणं बंद झालं.

योजनेत कुठेच जागा नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत मशीन आली आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तिथे मोफत डायलिसिस मिळतं. पाळी मिळायला थांबावं लागतं, म्हणून नाव आधीच घालून ठेवा. अॅडमिशन किंवा ऑपरेशन मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात करायची वेळ आली, तर लक्षात ठेवा की धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. तिथल्या समाजसेवा विभागात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन अॅडमिट होतानाच जायचं. बिल झाल्यावर गेलं तर फार उशीर होतो.

ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो, त्यांनी तो विसरू नये. उपचार तर आहेतच, शिवाय किडनी कायमची निकामी होणं हे त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. अटी बसल्या तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ऐंशी टक्के मिळत राहतात. आमच्या युनिटमधल्या एका पोराला ते आठ महिन्यांनी कळलं.

प्रवासाचंही तसंच. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, डेपोत विचारून पत्र करून घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेने डायलिसिसला किंवा प्रत्यारोपणाला जाताना पेशंट आणि सोबतचा एक माणूस, दोघांना स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत पंचाहत्तर टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

वही

कागद लागले, डायलिसिस मोफत सुरू झालं, म्हणजे काम झालं असं नाही. मोफत मिळालेलं डायलिसिस नीट होतंय का, हे कुणीतरी बघायला हवं. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत नर्स आहे. ती सांगते, तिकडे १९७२ च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्या माणसाला वय काहीही असलं तरी मेडिकेअर, म्हणजे तिकडचा सरकारी आरोग्य विमा, मिळायला लागला. आता तर फक्त ह्याच आजाराच्या लोकांसाठी काढलेल्या खास विमा योजना आहेत. त्यांत प्रत्येक पेशंटची लेखी उपचार योजना असते, डॉक्टर-नर्स-आहारतज्ज्ञ ह्यांचं पथक असतं, आणि डायलिसिस चुकलं तर विचारपूस होते. पेशंट अॅडमिट झाला की खर्च त्या योजनेच्याच अंगावर येतो, म्हणून त्याला बरं ठेवण्यात तिचाही फायदा. (तिने आणखी एक सांगितलं, ते इथे लिहिते कारण पुष्कळांची मुलं तिकडे आहेत. तो हक्क पेशंटच्या स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या तिथल्या नोकरीच्या वर्षांवर मिळतो. ग्रीन कार्डावर नेलेल्या आईवडिलांना मुलाच्या नोकरीवर तो मिळत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला तिकडे नेण्याआधी हे पक्कं विचारा.)

आपल्या योजनेत असं पथक घरी फोन करत नाही. म्हणून ते काम घरातल्या एकाने घ्यायचं. शिकलेलाच पाहिजे असं नाही, नेमका पाहिजे. माझ्या वहीत दर डायलिसिसला एक ओळ असते: तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, किती तास झालं, मध्ये त्रास झाला का. महिन्याला एक ओळ हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिया किती टक्के उतरला त्याची. युरिया म्हणजे रक्तात साठणारी घाण, डायलिसिसच्या आधी आणि नंतर ती तपासतात. युरिया निदान पासष्ट टक्के उतरायला हवा. आमचा एकदा दोन महिने अठ्ठावन्नवर अडकला. मी वही डॉक्टरांसमोर ठेवली. तासांचा रकाना वाचून ते म्हणाले, हे साडेतीन तासांतच का उतरवलं? गर्दीमुळे मशीन लवकर सोडवत होते. त्यानंतर चार तास पूर्ण होऊ लागले आणि आकडा सत्तरच्या जवळ गेला.

वहीमुळेच मला कळलं की दिवाळीनंतर आणि गावच्या यात्रेनंतर ह्यांचं वजन दोन डायलिसिसच्या मध्ये चार किलोने वाढतं. तेव्हापासून यात्रेच्या आठवड्यात पाण्याचा तांब्या मी मोजून भरते. शहाळं, केळं, लोणचं आणि पापड आमच्या घरात ह्यांच्यासमोर येत नाही.

प्रत्यारोपण

ज्याला जमतं त्याने ह्याचा विचार पहिल्या वर्षीच करावा. डायलिसिसवर वर्षं काढून मग जाण्यापेक्षा लवकर गेलेलं बरं, असं डॉक्टरही सांगतात. कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं. देणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आई नाहीतर बायको. मीही तपासणीला गेले होते. रक्तगट जुळला नाही. अशा दोन जोड्यांनी एकमेकांना किडनी देण्याची अदलाबदलही २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात बसते, हे नेफ्रॉलॉजिस्टला जरूर विचारा. आमची जोडी अजून जुळलेली नाही.

पैशाचं असं: फुले योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे. मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत मागता येते. ती रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून अर्ज ऑपरेशनच्या आधी करायचा. पण सगळ्यात जास्त चुकतं ते नंतरच्या औषधांत. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशा गोळ्या जन्मभर रोज घ्याव्या लागतात. ऑपरेशनला गावाने वर्गणी काढली आणि दीड वर्षाने गोळ्यांना पैसे नाहीत म्हणून किडनी गेली, असं घर मी पाहिलं आहे. तेव्हा ऑपरेशनच्या आधीच दर महिन्याच्या गोळ्यांचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन वर्षांची तरतूद दिसत असेल तरच वर्गणीचा आकडा ठरवा, आणि त्या पैशाचं वेगळं खातं काढा. ऑपरेशनच्या बिलात ते मिसळू देऊ नका.

मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच नोंदवलं जातं. आमच्या भागाची यादी पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहतं. एजंट, ओळख, देणगी असं काही तिथे चालत नाही, तसं सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. यादीत नाव असणं पुरेसं नसतं. तपासण्या वेळच्या वेळी नव्या करून द्याव्या लागतात, नाहीतर नाव तात्पुरतं बाजूला ठेवतात आणि आपल्याला वाटत राहतं की आपण रांगेत आहोत. दर तीन महिन्यांनी मी समन्वयकांना फोन करून एवढंच विचारते, "ह्यांचं नाव चालू आहे ना?"

फोन रात्री बंद ठेवत नाही. रुग्णालयाकडे तीन नंबर दिलेत: ह्यांचा, माझा, दिराचा. फाइल, रेशनकार्ड, आधारच्या प्रती, दोन जोडी कपडे आणि सहा हजार रुपये रोख एका पिशवीत दाराजवळच्या खुंटीला आहेत. गावातल्या जीपवाल्याला सांगून ठेवलंय, रात्री दोनला हाक मारली तरी निघायचं. गेल्या भाद्रपदात एकदा फोन आला होता. आम्ही पुण्याला पोचलो, पण जुळणी दुसऱ्या पेशंटशी जास्त बसली. पहाटे परत आलो, पिशवी पुन्हा खुंटीला लावली, आणि मंगळवार होता म्हणून सातची एसटी पकडली.